तालुक्याच्या कोर्टातून घटस्फोटाच्या निकालाची नक्कल कशी काढायची : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निकाल लागतो, माणसं आपापल्या वाटेने जातात, आणि कागद कुणाच्या तरी ट्रंकेत पडून राहतो. कधी तो हातात आलेलाच नसतो. वकिलांनी सांगितलं ‘झालं’, एवढ्यावर गावी परत आलेल्या कितीतरी बायका आहेत. मग पेन्शन, पासपोर्ट, शिधापत्रिका किंवा दुसऱ्या लग्नाच्या वेळी कुणीतरी विचारतं, ‘निकालाची नक्कल आहे का?’ तिथून धावपळ सुरू होते. हा कागद मिळणं पक्षकाराचा हक्क आहे. त्यासाठी कुणाचे पाय धरावे लागत नाहीत आणि पूर्वीच्या नवऱ्याला किंवा बायकोला फोनही करावा लागत नाही. पुढची माहिती मुख्यतः महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या आणि लहान जिल्ह्यांच्या न्यायालयांना धरून लिहिली आहे.

घटस्फोटाचा दाखला ग्रामपंचायतीत किंवा तहसीलमध्ये मिळतो का?

नाही. जन्म आणि मृत्यूची नोंद ठेवणारी सरकारी नोंदवही असते, तशी घटस्फोटाची नसते. लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत झाली असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र तिथे मिळतं. पण लग्न मोडल्याची खबर कोर्टाकडून आपोआप तिथे जात नाही. ‘घटस्फोट प्रमाणपत्र’ नावाचा वेगळा छापील दाखलाही आपल्याकडे कुणी देत नाही. ज्या कोर्टाने लग्न संपुष्टात आणलं, त्या कोर्टाचं निकालपत्र आणि हुकूमनामा हाच पुरावा, आणि त्याची प्रमाणित नक्कल त्याच कोर्टाच्या व्यवस्थेतून निघते.

गोव्याची पद्धत थोडी वेगळी आहे. तिथे लग्नाची नोंद नागरी नोंदणी कार्यालयात असते आणि घटस्फोटाचा शेरा त्या नोंदीवर करून घ्यायचा असतो. त्यामुळे गोव्यात लग्न झालेल्यांनी कोर्टाच्या नकलेबरोबर त्या नोंदीचा उताराही काढावा.

अर्जात नेमके कोणते कागद मागायचे?

नुसतं ‘घटस्फोटाचे कागद द्या’ असं लिहिलं की खिडकीवरचा कारकून परत विचारतो, आणि त्यात एक फेरी वाया जाते. निकालपत्र म्हणजे न्यायाधीशांनी कारणांसह दिलेला निर्णय. हुकूमनामा हा त्यावरून तयार केलेला एक-दोन पानांचा औपचारिक कागद, ज्यात दोघांची नावं, याचिकेचा क्रमांक आणि अमुक तारखेला झालेलं लग्न संपुष्टात आल्याचं लिहिलेलं असतं. दोन्ही मागा. काही कार्यालयं फक्त हुकूमनाम्यावर भागवतात, काही निकालपत्राशिवाय हलत नाहीत, आणि आधी कुणाला काय हवंय हे सांगता येत नाही.

परस्पर संमतीने घटस्फोट झाला असेल तर तडजोडीच्या अटी बहुधा याचिकेतच किंवा वेगळ्या पुरसिसमध्ये (सही करून कोर्टात दिलेल्या लेखी निवेदनात) असतात. पोटगीची एकरकमी रक्कम, मुलांचा ताबा, दागिने, स्त्रीधन हे सगळं त्यात. पुढे कुणी शब्द फिरवला तर हाच कागद कामाला येतो, म्हणून त्याचीही नक्कल घ्या.

कोर्टाच्या फाईलमधल्या प्रत्येक महत्त्वाच्या कागदावर निशाणी क्रमांक टाकलेला असतो. नि. १ म्हणजे मूळ याचिका. आपल्याला हव्या असलेल्या कागदाचा निशाणी क्रमांक माहीत असेल तर तोच अर्जात लिहावा. माहीत नसेल तर रोजनाम्याची नक्कल आधी मागावी. कोणत्या तारखेला काय दाखल झालं आणि काय आदेश झाला ते त्यात ओळीने दिसतं.

माझ्याकडे पोटगीचा आदेश आहे. तो घटस्फोटाचा कागद म्हणून चालेल का?

चालणार नाही. हा घोळ फार होतो. पोटगीचा अर्ज (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४) किंवा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालचा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर चालतो. त्यात पैसे मिळतात, संरक्षण मिळतं, पण लग्न संपत नाही. इमारत एकच, वकीलही बऱ्याचदा एकच, त्यामुळे ‘कोर्टातून निकाल लागला’ म्हणजे घटस्फोट झाला असं समजून वर्षानुवर्षं राहिलेल्या बायका आहेत. आपल्या कागदावर ‘हिंदू विवाह याचिका’ किंवा ‘विवाह याचिका’ लिहिलंय का, आणि लग्न संपुष्टात आणल्याचं स्पष्ट वाक्य आहे का, एवढं वकिलाला दाखवून खात्री करून घ्या.

आमच्या तालुक्याला कोर्ट आहे. तिथेच मिळेल ना?

तिथेच मिळेल असं धरून चालू नका. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ खालच्या याचिका दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे चालतात. कित्येक तालुक्यांत फक्त कनिष्ठ स्तराचं कोर्ट असतं, म्हणून त्या तालुक्यातल्या लोकांची केस शेजारच्या मोठ्या तालुक्याला किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी चाललेली असते. पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा ठिकाणी कौटुंबिक न्यायालयं आहेत. तिथल्या हद्दीतलं प्रकरण त्यांच्याकडेच मिळेल.

शिवाय केस बायकोच्याच गावच्या कोर्टात चालली असेल असंही नाही. लग्न जिथे लागलं, दोघं शेवटचे एकत्र जिथे राहिले, किंवा ज्याच्याविरुद्ध याचिका आहे तो जिथे राहतो, यांपैकी कुठेही ती दाखल होऊ शकते. याचिका बायकोने केली असेल तर २००३ च्या दुरुस्तीपासून ती स्वतः राहते तिथेही दाखल करता येते. म्हणून शोध घेताना माहेर, सासर, लग्नाचं गाव आणि नोकरीमुळे जिथे बिऱ्हाड होतं ते शहर, अशी यादी आधी करावी.

जिल्हा विभागला गेला असेल तर आणखी एक गाठ पडते. नंदुरबार आणि वाशिम १९९८ साली झाले, हिंगोली आणि गोंदिया १९९९ साली, पालघर २०१४ साली. महसुली जिल्हा झाला म्हणून न्यायालयीन जिल्हा त्याच दिवशी होतो असं नसतं, आणि जुन्या फाईली लगेच हलतातच असंही नसतं. तेव्हा हिंगोलीकरांनी परभणीला, वाशिमकरांनी अकोल्याला, गोंदियाच्या लोकांनी भंडाऱ्याला, नंदुरबारच्या लोकांनी धुळ्याला आणि पालघरच्या लोकांनी ठाण्यालाही चौकशी करावी.

केस नंबर माहीत नाही. काय करू?

बहुतेकांची अडचण हीच असते. नंबर हाती आला की अर्धं काम झालं, म्हणून इथे घाई करू नका.

पहिला मार्ग ई-कोर्ट्सचं संकेतस्थळ किंवा मोबाईल ॲप. राज्य, जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडून पक्षकाराच्या नावाने शोधता येतं. वर्ष टाकावं लागतं, आणि ‘निकाली’ हा पर्याय निवडावा लागतो, नाहीतर फक्त चालू प्रकरणं दिसतात. सापडलं की सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक लिहून ठेवा. पुढे तेवढ्यावर प्रकरण उघडतं. वैवाहिक प्रकरणांचे निकाल तिथे बहुतेकदा उघडत नाहीत आणि नावंही झाकलेली असू शकतात. संगणक येण्याआधीच्या केसेस तर त्यात सापडतीलच असं नाही.

नावाने शोधताना जास्तीत जास्त चुका इथे होतात. आपण माहेरचं नाव टाकतो आणि याचिका सासरच्या नावाने असते. जुन्या मराठी याचिकेचं पहिलं पान पाहा. बाईचं नाव ‘सौ. अमुक भ्र. तमुक’ अशा थाटात लिहिलेलं असतं, म्हणजे नावामागे नवरा आणि त्याचं आडनाव, आणि त्याच ओळीत पुढे ‘हल्ली मुक्काम’ म्हणून माहेरचं गाव. काही याचिकांत दोन्ही नावं ‘ऊर्फ’ लावून दिलेली असतात. लग्नात नाव बदललं असेल तर तेही वेगळंच. म्हणून दोन्ही नावांनी शोधा, नवऱ्याच्या नावानेही शोधा, आणि संगणकावर इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन तऱ्हेने घालून पाहा.

तरी नाही सापडलं तर त्या वेळच्या वकिलांना भेटा. ते हयात नसतील किंवा वकिली सोडली असेल, तर त्यांचं दफ्तर ज्यांनी सांभाळलं त्यांच्याकडे जुनी फाईल मिळते. घरात शोधायचं झालं तर समन्स, तारखेची चिठ्ठी, वकिलाच्या फीची पावती, पोस्टाने आलेली नोटीस, यांपैकी कशावरही नंबर असू शकतो. शेवटचा उपाय म्हणजे कोर्टाची नोंदवही. दोघांची पूर्ण नावं आणि अंदाजे वर्ष लिहून शोध घेण्यासाठी रीतसर अर्ज द्या. वर्ष जितकं नेमकं तितका शोध सोपा. ‘२००५ ते २०१५ मध्ये कधीतरी’ असं म्हटलं की कर्मचाऱ्याला दहा वर्षांच्या वह्या चाळाव्या लागतात. मुलाची शाळेतली पहिली नोंद कधीची, भावाचं लग्न आधी की नंतर, अशा घरातल्या खुणांवरून वर्ष जुळवता येतं.

अर्ज कुठे आणि कसा द्यायचा? वकील लागतोच का?

पक्षकार स्वतः अर्ज करू शकतात, वकील सक्तीचा नाही. कोर्टात नक्कल विभाग असतो, छोट्या कोर्टात एखादं टेबल. छापील अर्ज तिथे किंवा आवारातल्या स्टॅम्प विक्रेत्याकडे मिळतो. त्यात कोर्टाचं नाव, याचिकेचा क्रमांक आणि वर्ष, दोन्ही पक्षकार, निकालाची तारीख, कोणत्या कागदांच्या किती प्रती हव्या आणि नक्कल साधी हवी की तातडीची, हे भरायचं. ठरलेला कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. आधार कार्ड जवळ ठेवा. नाव बदललं असेल तर जुनं आणि नवं नाव जोडणारा कागदही, उदाहरणार्थ राजपत्रातली नोंद.

अर्ज दिल्यावर त्याचा क्रमांक घ्यायला विसरू नका. पुढच्या प्रत्येक फेरीत तोच विचारला जातो.

निकालाला काही वर्षं झाली असतील तर फाईल त्या कोर्टात नसते, अभिलेख कक्षात गेलेली असते, आणि तालुक्याच्या फाईली बऱ्याचदा जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात जमा असतात. मग अर्ज कुठे द्यायचा हे खिडकीवरच विचारावं. ‘रेकॉर्डला गेलंय’ असं उत्तर मिळालं म्हणजे फाईल संपली असं नव्हे. ती मागवता येते, वेळ जास्त लागतो इतकंच.

मला विचाराल तर जवळचं कोर्ट असेल आणि नंबर माहीत असेल, तर स्वतः जावं. नंबर नाही, गाव दूर, किंवा पूर्वीच्या माणसाशी गाठ पडण्याची भीती आहे, तर वकील केलेला बरा.

पैसे किती लागतात? हुकूमनामा फुकट मिळतो असं ऐकलं.

खरं ऐकलंत, आणि हे फार थोड्यांना माहीत आहे. हिंदू विवाह अधिनियमाचं कलम २३(४) सांगतं की घटस्फोटाचा हुकूमनामा देणाऱ्या कोर्टाने त्याची एक प्रत दोन्ही पक्षकारांना विनामूल्य द्यायची. विशेष विवाह अधिनियम, १९५४ मध्येही अशीच तरतूद आहे. निकाल लागला त्या दिवसांतच ही प्रत मागून घ्यावी. प्रत्यक्षात ती वकिलाच्या फाईलमध्ये राहते किंवा कुणी मागतच नाही. तुम्हाला ती कधीच मिळाली नसेल तर अर्जात तसं लिहून हे कलम नमूद करा.

त्यापुढच्या प्रतींना पानागणिक शुल्क असतं. दर उच्च न्यायालयाच्या नियमांनुसार ठरलेले असतात. तातडीच्या नकलेला जास्त. भरलेल्या प्रत्येक पैशाची पावती घ्या. स्त्रियांना विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. कोर्टाच्याच आवारात तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, आणि १५१०० हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक आहे.

पावतीशिवाय कुणी ‘चहापाण्याचे’ मागत असेल तर देऊ नका. १०६४ हा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक आहे.

किती दिवस लागतात?

फाईल त्याच कोर्टात असेल तर लवकर, अभिलेख कक्षातून मागवायची असेल तर उशिरा. मे महिन्यातली उन्हाळी सुट्टी आणि दिवाळीची सुट्टी टाळून जा. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी कोर्ट बंद असतं. तयार नकलांची यादी सूचना फलकावर लागते.

नक्कल खरी आहे हे कसं ओळखायचं?

शेवटचं पान उलटून पाहा. मागच्या बाजूला शिक्क्यात ओळीने तारखा भरलेल्या असतात: अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. त्याबरोबर ‘खरी नक्कल’ असा शेरा, जबाबदार अधिकाऱ्याची सही आणि कोर्टाची गोल मोहोर. यातलं काही सुटलं असेल तर खिडकी सोडण्याआधीच दुरुस्त करून घ्या. त्या तारखांना वजन आहे. अपील करायचं असेल तर नक्कल मिळण्यात गेलेले दिवस मुदतीतून वजा होतात, आणि ते किती हे त्या शिक्क्यावरूनच मोजतात.

प्रत्येक पान मोजून घ्या. लग्नाची तारीख, दोघांची नावं, मुलांची नावं नीट वाचा. नकलेचं लॅमिनेशन करू नका. मागचे शिक्के वाचता यायला हवेत आणि परदेशासाठी त्यावर आणखी शिक्का मारावा लागू शकतो. एकाच वेळी तीन प्रती काढाव्यात असं मी सगळ्यांना सांगतो.

हुकूमनाम्यातच माझं नाव चुकलंय.

टंकलेखनाची किंवा हिशेबाची चूक असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली त्याच कोर्टात दुरुस्तीचा अर्ज करता येतो, आणि त्याला मुदतीचं बंधन नाही. स्वतः पेनाने काही खोडू नका.

माझ्या घटस्फोटाचे कागद दुसरं कुणी काढू शकतं का? आणि मला दुसऱ्याचे हवे असतील तर?

पक्षकाराला आणि त्याच्या वकिलाला नक्कल हक्काने मिळते. तिऱ्हाईत माणसाला सहजी मिळत नाही. त्याला कारण सांगून, प्रतिज्ञापत्र जोडून कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. शिवाय हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ही प्रकरणं बंद दाराआड चालवायची असतात आणि त्यांतला मजकूर छापणं किंवा प्रसिद्ध करणं गुन्हा आहे.

पुनर्विवाहाचं स्थळ पाहताना मुलाकडचे किंवा मुलीकडचे परस्पर कोर्टातून कागद काढायच्या मागे लागतात. तसं करू नका. समोरच्या व्यक्तीला सरळ सांगा की हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल पाहायची आहे. तो पाहायला मागणं रास्त आहे, आणि प्रामाणिक माणूस दाखवतो. निकालपत्रात मात्र एकमेकांवर केलेले आरोप असतात, आणि ते दाखवायचे की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं.

माहितीच्या अधिकारात मागितलं तर?

त्या वाटेला जाऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्ट केलंय की कोर्टाच्या कागदांच्या नकला न्यायालयाच्या नियमांनुसार अर्ज करूनच घ्यायच्या.

नवऱ्याने घटस्फोट घेतलाय असं गावातून कळलं. मला नोटीसच आली नव्हती.

आधी नक्कल, मग बाकी सगळं. एकतर्फी हुकूमनामा असला तरी तुम्ही त्या प्रकरणात पक्षकार आहात आणि कागदांवर तुमचा तितकाच हक्क आहे. निकालपत्र आणि हुकूमनाम्याबरोबर नि. १, रोजनामा आणि समन्स बजावणीचा अहवाल यांच्या नकला मागा. बजावणीचा अहवाल नीट वाचा. समन्स कोणत्या पत्त्यावर गेलं, कुणी घेतलं, ‘घेण्यास नकार’ असा शेरा आहे का, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली असेल तर कोणत्या. तुम्ही माहेरी राहत असताना समन्स सासरच्या पत्त्यावर पाठवलेलं असेल, तर ते या अहवालात दिसेल.

असा हुकूमनामा रद्द करून घेण्यासाठी त्याच कोर्टात अर्ज करता येतो. मुदत ३० दिवसांची आहे. समन्स रीतसर बजावलंच नसेल तर हे दिवस हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजतात. म्हणून ज्या दिवशी कळलं ती तारीख लिहून ठेवा, आणि ‘बघू दिवाळीनंतर’ असं म्हणू नका. विधी सेवा समितीत त्याच आठवड्यात जा.

आमच्यात पंचांसमोर सोडचिठ्ठी झाली. स्टॅम्पपेपरवर सह्या आहेत, नोटरीही केलीय. कोर्टातून नक्कल मिळेल का?

कोर्टात प्रकरण गेलंच नसेल तर तिथे काढायला काही नाही. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २९(२) ने रूढीप्रमाणे होणारे घटस्फोट वाचवले आहेत, पण अशी रूढी त्या जातीत किंवा जमातीत पूर्वापार चालत आलेली आहे हे वाद झाल्यावर सिद्ध करावं लागतं. नोटरीच्या शिक्क्याने ती सिद्ध होत नाही. पासपोर्ट किंवा पेन्शनच्या टेबलावर हा कागद बहुधा परत करतात, आणि दुसरं लग्न केल्यावर पहिलं कायम असल्याचा दावा कुणी केला तर भोगावं बाईलाच लागतं. अजूनही दोघं राजी असतील तर कलम १३ ब खाली संमतीची याचिका करून रीतसर हुकूमनामा घ्यावा. सहा महिने थांबण्याची अट योग्य प्रकरणात कोर्ट शिथिल करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलंय.

फाईल सापडत नाही असं सांगतात.

तोंडी उत्तरावर परत येऊ नका. तुमच्या अर्जावर लेखी शेरा मागा. प्रकरणातले बाकीचे कागद ठराविक काळानंतर नष्ट करता येतात, पण निकालपत्र आणि हुकूमनामा त्यांच्यापेक्षा खूप जास्त काळ जपायचे असतात. तेव्हा ‘जुनं आहे, नष्ट झालं असेल’ हे पुरेसं उत्तर नाही. नोंदवहीत प्रकरणाची ओळ असतेच. त्या नोंदीची प्रमाणित नक्कल मागा. मग प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करा. दोन्ही बाजूंच्या वकिलांकडच्या प्रती आणि जुन्या नकला यांवरून फाईल पुन्हा उभी करता येते. अपील झालं असेल तर वरच्या कोर्टातही निकालाची प्रत मिळू शकते.

मी परदेशात राहते. यावंच लागेल का?

नाही. भारतातल्या वकिलाला वकीलपत्र देता येतं, किंवा भाऊ, बहीण, आई यांपैकी कुणाला मुखत्यारपत्र. ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्या. कागद महाराष्ट्रात आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. हे राहून गेलं की काम अडतं.

तिकडे वापरण्यासाठी अपोस्टिल लागेल, म्हणजे कागद परदेशात मान्य व्हावा म्हणून त्यावर केलं जाणारं सरकारी प्रमाणन. भारत या व्यवस्थेत २००५ पासून आहे. आधी राज्य पातळीवरचं प्रमाणन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. तालुक्याच्या कोर्टाचा निकाल बहुधा मराठीत असतो, म्हणून भाषांतरही लागतं. भाषांतरात नावांची स्पेलिंगं पासपोर्टप्रमाणेच ठेवायला सांगा. काही देशांत हुकूमनामा अंतिम झाल्याचा पुरावा मागतात; त्यासाठी अपील दाखल नसल्याचं प्रमाणपत्र मिळावं असा अर्ज वकिलामार्फत करावा.

घटस्फोट अमेरिकेत, एका छोट्या काउंटीत झाला. आता पुण्यात राहतो. कागद कसे मागवू?

अमेरिकेतही देशपातळीवर घटस्फोटाचे कागद ठेवणारं एकच कार्यालय नाही. ज्या काउंटीत (म्हणजे तिथल्या जिल्ह्यात) केस चालली तिथल्या कोर्टाच्या क्लार्ककडे फाईल असते. नावं राज्यागणिक बदलतात: टेक्ससमध्ये डिस्ट्रिक्ट क्लार्क, कॅलिफोर्नियात त्या काउंटीचं सुपीरियर कोर्ट, न्यूयॉर्कमध्ये काउंटी क्लार्क. राज्याच्या आरोग्य विभागाकडून येणारा कागद पुरेल असं समजू नका. टेक्ससचा विभाग १९६८ पासूनच्या घटस्फोटांचं फक्त पडताळणीपत्र देतो, हुकूमनामा देत नाही. न्यूयॉर्कमध्ये या फाईली गोपनीय असतात आणि पक्षकार किंवा त्यांच्या वकिलांनाच मिळतात.

खेड्यातल्या काउंटीत सगळं संगणकावर असेलच असं नाही. आधी फोन किंवा ईमेल करून शुल्क, पैसे पाठवायची रीत आणि ओळखपत्राची अट विचारा. मग दोघांची त्या वेळची पूर्ण नावं, वर्ष आणि असल्यास केस क्रमांक लिहून ‘प्रमाणित प्रत’ मागा. साधी झेरॉक्स भारतात उपयोगी पडत नाही. अपोस्टिल त्याच राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून होतं.

कागद आला तरी भारतात तो मान्य होईल का, हा वेगळा प्रश्न. हिंदू पद्धतीने झालेलं लग्न परदेशी कोर्टाने मोडलं असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १३ आणि सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा नरसिंह राव निकाल पाहतात. दोघांची संमती असेल किंवा दुसऱ्या बाजूने स्वखुशीने हजर राहून इथल्या कायद्यातल्या कारणावरच केस लढवली असेल, तर सहसा अडचण येत नाही. एकतर्फी असेल तर दुसरं लग्न करण्याआधी वकिलाचा सल्ला घ्याच.

निकाल लागल्यावर दुसरं लग्न लगेच करता येतं?

अपिलाची मुदत संपल्यावर, किंवा अपील झालं असेल तर ते फेटाळल्यावर. हिंदू विवाह अधिनियमात अपिलाची मुदत ९० दिवसांची आहे. कौटुंबिक न्यायालयाने संमतीने दिलेल्या हुकूमनाम्यावर अपील नाही. आपल्या प्रकरणात दिवस कसे मोजायचे ते नक्कल दाखवून वकिलाला विचारा.

घटस्फोटित मुलीला वडिलांचं पेन्शन मिळवण्यासाठी कोणते कागद लागतात?

वडील किंवा आई केंद्र सरकारच्या सेवेत होते असं धरून सांगतो. घटस्फोटित मुलीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं, पण घटस्फोट आई-वडील हयात असताना झालेला हवा. निकाल त्यांच्या मृत्यूनंतर लागला असेल तरी याचिका त्यांच्या हयातीत दाखल झालेली असली तर चालतं, असा २०१७ चा आदेश आहे. म्हणजे इथे निकालाच्या तारखेइतकीच दाखल तारीख महत्त्वाची. नुसता हुकूमनामा नेलात तर ती सिद्ध करायला पुन्हा यावं लागेल. नि. १ ची नक्कल दाखल तारखेच्या शिक्क्यासह त्याच अर्जात मागा.

राज्याच्या योजनांचं पाहायचं तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेत घटस्फोटित स्त्रियांचा समावेश आहे, आणि तिथे पोटगी मिळते का, किती मिळते हेही पाहतात. म्हणून तहसीलला जाताना हुकूमनाम्याबरोबर पोटगीच्या आदेशाची किंवा तडजोडीच्या पुरसिसची नक्कल न्यावी.